जित्या माणसाचा दाखला

जठारपेठ, अकोला
६ ऑगस्ट

ललित,

तुझी कागदं मिळाली. रजिस्टर पोस्टाने पाठवलीस, पोचपावती घेतलीस, सगळं कायद्यानं केलंस. सरकारी वकिलाशी नऊ वर्षं संसार करून एवढं तरी शिकलास म्हणायचं. जिथे जिथे माझी सही पाहिजे तिथे पेन्सिलने फुल्या मारल्यास, त्याही पाहिल्या. मला काय कुठे सही करायची ते कळत नाही? त्या फुल्या पाहून डोकंच फिरलं माझं. पुन्हा असं करत जाऊ नको.

सही केलेली नाही. करणारच नाही असंही म्हणत नाही. दोन वर्षं वेगळे राहतोच आहोत, आता कागदावरही वेगळं व्हायचं तर होऊ. पण सध्या मला सवड नाही, एवढंच समज.

माझा नंबर तू ब्लॉक केलास म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. मागच्या शनिवारी गयासुद्दीनभाईंच्या फोनवरून लावला होता, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. गयासुद्दीनभाई म्हणजे आमच्या कोर्टातले हवालदार. समन्स पोचवायचे, साक्षीदार आणून उभे करायचे, ही सगळी कामं त्यांची. बिचारे ओशाळले. "जाऊ द्या मॅडम, नेटवर्क नसन," म्हणाले. नेटवर्क चांगलं होतं. "हॅलो, डॉक्टर बोलतो" एवढं तू म्हणालास ते मला स्वच्छ ऐकू आलं. माझं तेवढ्यानेच काम झालं होतं.

एक विचारायचं होतं. तू अजून मोटरसायकलवर एकटाच फिरतोस का? सेमाडोहच्या बाजूला गुरांना लस टोचायला जातोस तेव्हा दवाखान्यातलं कोणी सोबत असतं का? सहज विचारते. घाटात दरडी येतात असं पेपरात होतं. आणि तुझ्या आधार कार्डाची झेरॉक्स इतक्यात कोणाला दिली होतीस का? सिमकार्डासाठी, गॅससाठी, कशाहीसाठी. आठवून पाहा. हेही सहजच.

माझं ठीक चाललं आहे. एक केस आहे हातात. वीज पडून माणूस गेला की सरकार घरच्यांना मदत देतं, तुला माहीतच आहे. बैल गेला की पंचनाम्याला तूच जातोस. तर एका गावात एकाच पावसाळ्यात अकरा माणसं विजेनं गेली. गावाचं नाव लिहीत नाही. अकराच्या अकरा जण आठवडी बाजारात वांगी निवडताना दिसतात. गावात श्याम नावाचा एक जण कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. गावाचा भाचा, सगळ्यांचा लाडका. त्याने घरोघरच्या बायांचे अंगठे मशीनवर घेतले, फोटो काढले. फोटोच्या वेळी म्हणायचा, मामी, कुंकू पुसून घ्या, चमकते, मशीन फोटो घेत नाही. बायांनी पुसलं. घरातल्या पोराचं ऐकावं तसं ऐकलं. त्या फोटोंवर त्या विधवा झाल्या, नवऱ्यांचे मृत्यूचे दाखले निघाले, मदत निघाली आणि श्यामच्या लोकांनी खाल्ली.

दहा घरांनी थोडाबहुत वाटा घेतला आणि गप्प बसली. अकराव्या घरचा चंद्रभान तेवढा पोलिसात गेला आणि म्हणाला, साहेब, मी मेलो नाही. तोच आमचा फिर्यादी. त्याची बायको मैना. ती पहिल्यांदा भेटली तेव्हा केसचं काही विचारलंच नाही तिने. "बाई, म्या आपल्या हातानं कुंकू पुसलं. आता ह्याइले काई झालं त ते माह्याच हातानं झालं ना?" एवढंच घोकत होती. मी तिला म्हटलं, वेडी आहेस का, फोटोने कोणी मरतं का.

आता तसं म्हणवत नाही. हेल्मेट घालत जा.

माया


जठारपेठ, अकोला
१४ ऑगस्ट

ललित,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते. पत्र परत आलं नाही म्हणजे दवाखान्यात कोणीतरी घेतलं, एवढं समाधान.

चंद्रभान नाहीसा झाला. परवा सकाळी डेअरीत दूध घालायला निघाला. किटली रस्त्याच्या कडेला सापडली, दूधही सांडलं नव्हतं. मैना ठाण्यात गेली. तिथल्या पोराने नाव टाकलं आणि कॉम्प्युटरकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मावशी, हे त दोन वर्साआधी वारले. वारलेला मानूस हरवते कसा?" टिंगल नव्हता करत तो. त्याला खरंच कळत नव्हतं काय करायचं. शेवटी गयासुद्दीनभाई तिच्यासोबत गेले, तासभर भांडले, तेव्हा साध्या कागदावर तक्रार घेतली.

आरोपीचे वकील तर पहिल्या तारखेपासून हेच सांगतात. म्हणतात, फिर्याद देणारा चंद्रभान नव्हताच, कोणीतरी तोतया होता. खरा चंद्रभान विजेनं गेला, हा घ्या दाखला. गावातला एकही माणूस त्याला ओळखायला पुढे येत नाही, कारण एकाने ओळखलं की उरलेल्या दहा घरांचं बिंग फुटतं. अठ्ठावीस तारखेला तो स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला असता की झालं होतं. आता उरली एकटी मैना.

मला भीती वाटते, ललित. तू म्हणायचास ना, ही बाई न्यायाधीशालाही दटावेल. ती बाई आता जिन्यात उभी राहून आधी वरची चाहूल घेते, मग पायऱ्या चढते. कोर्टातून येताना रोज रस्ता बदलते. काल टॉवर चौकात मागच्या गाडीवाल्याने नुसता हॉर्न दिला, तर स्कूटी हातातून सुटली. गुडघा फुटला. लोक जमले, कोणीतरी पाणी आणलं, आणि मी काय करावं? पाणी देणाऱ्याचं तोंड निरखून पाहिलं आणि प्यायलेच नाही. पाकीट आल्यापासून दाराची घंटी वाजली की मी आधी न्हाणीघरात जाऊन उभी राहते. साक्षीदारांना "घाबरू नका, सरकार तुमच्या पाठीशी आहे" सांगायची मला सवय झाली होती. आता ते वाक्य माझ्याच कानाला खोटं लागतं.

पाकिटाचं नंतर सांगीन. ऑफिसचंच आहे, विशेष काही नाही.

तू एवढं कर. अनोळखी माणसाने फोन करून जनावर दाखवायला रानात बोलावलं तर जाऊ नको. दवाखान्यात आणा म्हण. गाय अडली आहे म्हणाला तरी जाऊ नको. तुला हे जमणार नाही, मला माहीत आहे, तरी लिहिते.

माया


जठारपेठ, अकोला
२१ ऑगस्ट

ललित,

मी तुझ्याशी खोटं बोलले. पाकीट ऑफिसचं नाही.

तीस जुलैला संध्याकाळी घरी आले तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं होतं. आत एकच कागद, मृत्यूचा दाखला. छपाई, शिक्का, सगळं त्या अकरा दाखल्यांसारखं. मृताचं नाव, ललित पंजाबराव तायडे. आईचं नाव, पार्बताबाई. कायमचा पत्ता अमरावतीचा, हल्ली मुक्काम परतवाडा. कारण, वीज पडून. मृत्यूच्या तारखेची जागा कोरी आणि तिथे पेन्सिलने एक फुली.

म्हणून तुझ्या कागदांवरच्या फुल्या पाहून माझं डोकं फिरलं होतं. तुझ्यावर राग नव्हता तो.

पहिल्यांदा मी हसले. खरंच. मनात आलं, मेलेल्या नवऱ्याकडून फारकत कशी घ्यायची, ललितचा अर्ज तर आपोआपच निकालात निघाला. मग उठून पाणी प्यायला गेले तर माठावरचा पेला उचलवेना. त्या रात्री मी बैठकीतला दिवा बंद केला नाही, आणि तो अजूनही बंद करत नाही.

करायचं ते सगळं केलं. दाखला पोलिसांकडे दिला, वरिष्ठांना सांगितलं. दोन दिवस एक शिपाई आमच्या इमारतीखाली बसला, तिसऱ्या दिवशी बंदोबस्ताला गेला तो गेलाच. तुमच्या ठाण्यालाही कळवलं म्हणतात. तुला कोणी भेटलं का? नसेलच भेटलं. वरिष्ठ चांगले आहेत. म्हणाले, "मॅडम, केस दुसऱ्याला द्यायची तर अर्ज करा. कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही." अर्ज लिहून ठेवला आहे. पर्समध्ये घालून रोज कोर्टात नेते आणि रोज परत आणते.

तुला आधीच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, केस सोड. आणि मी सोडली असती. किंवा तू काहीच म्हणाला नसतास, आणि ते मला सोसलं नसतं.

आता हिशेब सरळ आहे. मैनाला उभं करून केस रेटली तर ती कोरी जागा भरायला त्यांना एक मिनिट लागायचं नाही. सोडून दिली तर तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही. पण चंद्रभान जिथे कुठे असेल तिथे त्याला जिता ठेवायची मग कोणाला गरज उरणार नाही. एका बाजूला तू, एका बाजूला तो. त्याला मी तीनदाच भेटले आहे. तिन्ही वेळेस त्याने माझ्यासाठी घरच्या शेंगा आणल्या आणि मी नको म्हटल्यावर बाकावर ठेवून गेला.

पोळा होईपर्यंत तू गुरं सोडून हलणार नाहीस हे ठाऊक आहे. झाला की रजा टाक आणि आईंकडे अमरावतीला जाऊन राहा. कागदांचं काय म्हणशील ते मी करीन. पण जा.

माया


जठारपेठ, अकोला
२८ ऑगस्ट

ललित,

आज मैनाची साक्ष झाली. तुला सगळं सांगते, कारण आज मी जे केलं त्याची किंमत कदाचित तुला मोजावी लागेल आणि ते मी तुला विचारून केलेलं नाही.

सकाळी कोर्टाच्या वऱ्हांड्यात श्याम उभा होता. जामिनावर आहे. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा घोळवत, अगदी घरच्यासारखा हसून म्हणाला, "नमस्कार मॅडम. डॉक्टरसाहेब बरे हायेत ना?" माझ्या तोंडातून काय निघावं? "बरे आहेत" म्हणाले मी. शेजाऱ्याने चौकशी केल्यावर म्हणतो तसं. आत जाऊन केसची फाइल उघडली.

मैना आली तीच मोकळ्या कपाळाने. तिच्याकडे पाहिलं आणि मी समजले. शपथ घेतली, आणि मी पहिलाच प्रश्न विचारला, तुमचे पती कुठे आहेत? तिने खाली पाहूनच सांगितलं, "माहे मालक दोन वर्साआधी इजेनं गेले." पोलिसांना दिलेला जबाब आपला नाहीच म्हणाली. तिला काय सांगितलं गेलं असेल ते आंधळ्यालाही दिसलं असतं. तू त्याला मेला म्हण, आम्ही जिता सोडतो. ललित, तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. शपथेवर, माझ्याच न्यायाधीशासमोर, हेच म्हटलं असतं.

साक्षीदार फितूर झाली की आम्ही तिचा उलटतपास घ्यायची परवानगी मागतो. ती मागितली. मग दोन-चार ठरलेले प्रश्न असतात. तुम्ही आरोपीला वाचवण्यासाठी खोटं सांगताय का? नाही. झालं, बसायचं. केस तिथेच मेली असती. कोणी मला एक शब्द बोललं नसतं, आणि तूही वाचला असतास. मी ते प्रश्न विचारलेसुद्धा. खाली बसायला खुर्ची मागे ओढली.

आणि मग मला जी भीती वाटली तशी त्या पाकिटानेही वाटली नव्हती. तो मेला असं आज बायकोच्या तोंडून कोर्टात लिहिलं गेलं की संपलंच. मग त्याला सोडतील कशाला? मैनाला वाटत होतं आपण त्याला वाचवून राहिलो, आणि ती त्याला आपल्या तोंडाने मारून टाकत होती. आणि उद्या तुझा दाखला असाच कोणा न्यायाधीशासमोर ठेवतील आणि तोही असाच खरा धरला जाईल. मी शूर नाही. भीतीनेच मी पुन्हा उभी राहिले.

विचारलं, "मैनाबाई, तेरवीला गाव कुठे जेवलं?"

आपल्या बौद्धांत पुण्यानुमोदन असतं, त्यांच्याकडे तेरवी. गरिबातल्या गरिबाची होते. तेराव्या दिवशी गाव जेवल्याशिवाय मेलेला माणूस सुटत नाही असं ते मानतात. मागच्या बाकांवर गावची दहा-पंधरा माणसं बसली होती, श्यामनेच आणलेली. मैनाने त्यांच्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, "पंगत कोणाच्या अंगणात बसली? पहिलं पान कोणाचं वाढलं?"

फोटोसाठी तिने कुंकू पुसलं होतं, आज शपथेवर नवरा मेला म्हणून सांगितलं होतं. पण हे तिच्या तोंडातून निघेना. मग म्हणाली, "तेरवी नाई केली."

"काहून?"

"जित्या मानसाची तेरवी कोनी करते का, बाई? तेवढं नोका मागू मले."

आणि मग रडत रडत सगळंच सांगितलं तिने. घरी कोण आलं होतं, काय पढवून गेलं, चंद्रभानची चप्पल कशी आणून दाखवली. न्यायाधीश शब्द न शब्द लिहून घेत होते. श्यामचा जामीन रद्द करायचा अर्ज मी तिथल्या तिथे दिला आणि त्याला आत घेतलं. मागे बसलेल्यांपैकी तिघे जण त्याआधीच उठून बाहेर गेले होते. ते कोण, कुठे गेले, मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर मैनाने माझा हात धरला. "तुमी माहा मालक मारला का तारला?" म्हणाली.

तू कुठे आहेस? निदान दवाखान्यातल्या कोणाला तरी सांगून फोन करव. आवाज नको तुझा, नुसती रिंग दे.

माया


अमरावती
६ सप्टेंबर

ललित,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. गयासुद्दीनभाईंची बहीण अनीसा परतवाड्यालाच राहते. ती आपली शेळी घेऊन दवाखान्यात येईल आणि तुझ्या हातात देईल. शेळीला खरंच खोकला आहे, तिला औषध दे.

तू रिंग दिलीस ती पोचली. दोनदा दिलीस. मी फोन उशाशी घेऊन निजले.

चंद्रभान जिता आहे. एक तारखेला पहाटे त्यांनी त्याला जीपमधून आणून सोडलं. मैनाचं सगळं कोर्टात लिहिलं गेल्यावर त्याला काही झालं असतं तर खून त्यांच्याच माथी बसला असता. दोन दात पाडलेत, एक कान सुजला आहे, पण आहे. मैना त्याचा हात सोडायला तयार नाही, सरकारी इस्पितळातल्या नर्सनेही सोडवून पाहिला. पुढच्या तारखेला तो साक्ष देणार आहे आणि मीच त्याची साक्ष घेणार आहे. अर्ज मी फाडून टाकला.

पण त्याला सोडलं कुठे, तर परतवाड्याच्या बस स्टँडवर. अकोल्याच्या बाजूचा माणूस, त्याला सोडायला कोणी एवढ्या दूर नेईल का? उतरवताना एक जण त्याला म्हणाला, "तुह्या वकीलबाईले सांग, गाव पाहून ठेवलं." हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझीच समजूत घालत होता, बिचारा. पोलिसांनी तुझ्या दवाखान्यावर माणूस ठेवला आहे म्हणतात. किती दिवस ठेवतील ते तूही जाणतोस आणि मीही.

म्हणून मी काल अमरावतीला आले आणि तुझ्या कागदांवर सह्या केल्या. तू मारलेल्या प्रत्येक फुलीवर. कौटुंबिक न्यायालयातल्या बाररूममध्ये भर दुपारी, चार वकिलांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले की हा माणूस मेला काय नि जगला काय, मला देणंघेणं नाही. अकोल्याला परत जाऊन तिथेही हेच सांगणार आहे. कोर्टात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत आरोपीच्या घरी पोचते, आमच्या धंद्यातली ही एक गोष्ट कधी चुकत नाही. तू माझा कोणीच नसलास तर तुझ्यावरून मला धाक घालून त्यांना काय मिळणार? याने काही होईल का, मला ठाऊक नाही. दुसरं काही सुचलंही नाही.

आईंना भेटले. त्यांना खरं सांगता आलं नाही, कारण त्या खोटं बोलायला गेल्या की लगेच पकडल्या जातात. "सही करून आली म्हन की?" म्हणाल्या. "तुले मानूस नाई लागत, बाई. तुले पक्षकार लागते." चहा दिला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरातून चहा न घेता निघाले. त्यांचं बरोबर आहे. त्यांना तसंच वाटू दे. तूही लोकांत माझं नाव निघालं की दोन शिव्या घालत जा, तुला काही अवघड नाही.

आता नीट वाच. संमतीच्या फारकतीत आज सही केली म्हणजे झालं असं नसतं. सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा कोर्टात उभं राहावं लागतं आणि न्यायाधीश प्रत्येकाला वेगळं विचारतात, तुमची संमती अजून कायम आहे का. दोघांपैकी एक जण जरी नाही म्हणाला तरी सगळं मोडतं. तोवर ही केस उरकलेली असेल, निदान चंद्रभानची साक्ष तरी झालेली असेल.

त्या दिवशी मी नाही म्हणणार आहे. तुला ते मान्य नसेल तर तिथे येऊन माझ्याशी भांड. त्यासाठी तुला जितं यावं लागेल.

पत्र जाळून टाक.

माया